सहा गावांची एक पट्टी: नदीकाठच्या ग्रामपंचायतींनी एकत्र नियोजन कुठून सुरू करावं?

ब्रह्मपुरी तालुक्यातल्या, वैनगंगेच्या काठावरच्या एका सरपंच ताईंचा प्रश्न असा आहे: "समुद्राची पातळी वाढते म्हणून किनाऱ्यावरची शहरं आणि खाती मिळून नियोजन कसं करतात, हे आम्हाला प्रशिक्षणात सांगितलं. आमच्याकडे समुद्र नाही, पण २०२० चा पूर आम्ही पाहिला आहे. आमच्या काठच्या तीन आणि समोरच्या काठच्या तीन ग्रामपंचायती एकत्र यायला तयार आहेत. खाती मात्र एकमेकांकडे बोट दाखवतात. आधी समिती करावी की निधी मागावा?"

ताई, समिती नको आणि निधीही नको, निदान पहिल्या वर्षी तरी. सहाही गावांनी आणि तुमच्याशी संबंध येणाऱ्या प्रत्येक खात्याने पाणी एकाच शून्यापासून मोजायचं, एवढं आधी ठरवा. काम वाचायला फार लहान वाटेल. पाटबंधारे खात्यात मी एकतीस वर्षं काढली, त्यातली बहुतेक वैनगंगेच्या खोऱ्यात, आणि निवृत्त झाल्यावरही दर पावसाळ्यात काठावरच्या गावांत फिरतो. खात्याखात्यांतली जी भांडणं मी पाहिली, त्यातली कितीतरी फक्त आकडा एक नसल्यामुळे झालेली होती. आकडा एक झाला की अर्ध्या माणसांना भांडायला कारणच उरत नाही.

समुद्राचं उदाहरण तुम्ही काढलंत ते बरं केलंत, कारण तिथेही सुरुवात अशीच झाली आहे. १९०१ ते २०१८ या काळात जगभरात समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटर चढली, आणि अलीकडे तो वेग वर्षाला साडेतीन मिलिमीटरच्या वर गेला आहे. अमेरिकेत फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाला जमीन सखल आहे आणि तिच्याखाली सच्छिद्र चुनखडी आहे. भिंत बांधली तरी खारं पाणी जमिनीखालून वर येतं, म्हणून एकट्या शहराने स्वतःपुरतं काही करून भागत नाही. मायामी-डेड, ब्रॉवर्ड, पाम बीच आणि मन्रो हे तिथले चार जिल्हे २०१० साली एका करारात बांधले गेले. पुढच्याच वर्षी चौघांनी मिळून समुद्र किती चढेल याचा एकच अंदाज स्वीकारला: २०१० च्या मानाने २०३० पर्यंत ३ ते ७ इंच आणि २०६० पर्यंत ९ ते २४ इंच. पुढे २०१५ आणि २०१९ मध्ये तो पुन्हा तपासून बदलला. ९ ते २४ म्हणजे केवढा फरक आहे बघा. तरी त्यांनी 'नक्की आकडा मिळू दे, मग बघू' असं म्हटलं नाही. जो पट्टा मिळाला तो चौघांनी मान्य केला आणि रस्ता, गटार, पूल त्याच पट्ट्यात धरून आखायला घेतले. तुम्ही त्यांच्याकडून घ्यायची ती हीच एक गोष्ट.

आपली नदी मात्र पन्नास वर्षांची सवड देत नाही, एका रात्रीची देते. २०२० च्या ऑगस्टच्या शेवटी मध्य प्रदेशात जबर पाऊस झाला. वैनगंगा उगम पावते सिवनी जिल्ह्यात, तिच्यावरचं संजय सरोवर हे धरण तिथेच भीमगडला. तिकडचं पाणी बालाघाटवरून भंडाऱ्यात आलं, गोसीखुर्द धरणाचे ३३ च्या ३३ दरवाजे उघडावे लागले, आणि २९ ते ३१ ऑगस्टच्या त्या तीन दिवसांत काठ पाण्याखाली गेले. नदीने चारी बाजूंनी वेढलेल्या लाडजच्या लोकांनी काय सोसलं ते तुम्हाला मी सांगायला नको.

त्या पाण्याबद्दल तीन ठिकाणी तीन भाषांत बोललं जात होतं. धरणावरचा माणूस विसर्ग सांगतो, म्हणजे सेकंदाला किती पाणी सोडलं. पुलावरच्या पट्टीवरून पातळी सांगतात, आणि ती समुद्रसपाटीपासूनची उंची असते. भंडाऱ्याजवळ कारधा पुलापाशी धोक्याची पातळी २४५.५० मीटर आहे, ती अशीच. समुद्र आपल्यापासून शेकडो किलोमीटर लांब, पण आपली नदी मोजली जाते ती त्याच्यापासूनच. आणि गावातला माणूस काय विचारतो? एका म्हाताऱ्या, मासेमारी करणाऱ्या ढिवर बाबांनी मला भर बैठकीत सुनावलं होतं, "साहेब, तुमचा दोनशे पंचेचाळीस आमाले नाई समजत. पानी पिपराच्या पाराले लागन का नाई, तेवढं सांगा." बाबांचा प्रश्न अगदी बरोबर होता आणि तेव्हा आमच्याकडे त्याचं उत्तर नव्हतं.

एक रात्र सांगतो. वर्ष, नदी, धरण सांगत नाही, कारण चूक एका कार्यालयाची नव्हती आणि तिच्यात माझाही वाटा होता. ऑगस्टचा महिना, रात्रीचे साडेअकरा. वरून फोन आला, "नऊ हजार सोडतोय." मी वहीत नऊ हजार लिहिले आणि तसेच पुढे कळवले. पुढच्या माणसाने ते क्युसेक, म्हणजे सेकंदाला घनफूट, धरले. मोठ्या नदीला भर ऑगस्टात नऊ हजार क्युसेक म्हणजे नेहमीचंच पाणी, म्हणून त्याने गावांना सकाळी कळवायचं ठरवलं. वरच्याने सांगितले होते क्युमेक, म्हणजे सेकंदाला नऊ हजार घनमीटर. एका क्युमेकचे ३५.३ क्युसेक होतात, तेव्हा ते पाणी होतं जवळपास तीन लाख अठरा हजार क्युसेक. पहाटे चारच्या सुमारास काठावरचे मोटारपंप गेले, ढिवरांची जाळी आणि दोन डोंगे (होड्या) गेले, एका गोठ्यातली जनावरं दावणीलाच बुडाली. माणूस गेला नाही. ती वही माझ्याकडे अजून आहे. त्या ओळीत नऊ हजाराच्या पुढे काहीही लिहिलेलं नाही.

म्हणून म्हणतो, आधी माप.

आता हे करायचं कसं ते सविस्तर सांगतो, कारण इथेच बहुतेक गावं चुकतात. तुमच्या गावाच्या वरच्या अंगाला जो मोठा पूल आहे आणि जिथली पातळी पाटबंधारे किंवा केंद्रीय जल आयोग नियमित नोंदवतं, ती तुमची मायपट्टी. सहाही गावांनी तीच धरायची, समोरच्या काठानेही तीच. त्या पुलाजवळ कुठेतरी उंची कोरलेली खूण असते, आम्ही तिला बेंचमार्क म्हणतो. शाखा अभियंत्याकडे तिचा आर. एल., म्हणजे समुद्रसपाटीपासूनची उंची, मागा. तिथून लेव्हल (उंची मोजायची दुर्बीण) आणि स्टाफ (आकडे लिहिलेली उभी पट्टी) घेऊन टप्प्याटप्प्याने गावात उतरायचं आणि शाळेची भिंत, देवळाची पायरी, समाजमंदिराचा जोता, नाल्यावरचा रपटा (पुरात वरून पाणी जाणारा ठेंगणा पूल), या जागांची उंची काढायची. दोन दिवसांचं काम आहे. गावातल्या गावात पुढच्या खुणा करायला गवंड्याची पाण्याची नळीसुद्धा पुरते.

पण इथे एक फसगत आहे, ती नीट समजून घ्या. नदीचं पाणी तलावासारखं सपाट नसतं, ते उतारावर वाहत असतं. पुलापाशी जी उंची, तीच तुमच्या गावात धरली तर हिशेब चुकेल. गाव जितकं खाली, तितकी पातळी कमी भरेल. म्हणून नुसती उंची नेऊन भागत नाही, जुन्या पुरांशी ती जुळवावी लागते. २०२० चं पाणी तुमच्या गावात नेमकं कुठवर चढलं होतं, आणि त्या वेळी पुलाच्या पट्टीवर किती होतं, हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहायचे. मग २०२० पेक्षा लहान असे आणखी दोन-तीन पूर घ्यायचे आणि त्यांचेही असेच आकडे मांडायचे. पट्टीवरचे जुने आकडे कार्यालयाच्या रजिस्टरमध्ये मिळतात. गावातली खूण गावातच शोधावी लागते.

ती कशी सापडते ते सांगतो. एका गावात आम्ही सगळ्या भिंती पाहिल्या. पुरानंतर लोकांनी घरं सारवली होती, चुना लावला होता, रेघ कुठेच दिसेना. तेव्हा एका आजीने आम्हाला आत नेलं. अंधाऱ्या खोलीत धानाची ढोली होती, बांबूची, शेणामातीने लिंपलेली. आजी म्हणाल्या, "भितीचं का पाहता, अठी पाहा." ढोलीच्या कमरेला राखाडी रेघ होती. तिच्या खालचं लिंपण फुगून सुटलं होतं आणि वरचं जसंच्या तसं होतं. रेघेखालच्या धानाला कोंब फुटले होते, ते त्यांनी गुरांना घातलं. आजींनी रेघेवर बोट ठेवलं, आम्ही स्टाफ लावला. शेजारच्या दोन घरांत विचारून तीच उंची पडताळली, फरक निघाला चार बोटांचा. कुठल्याही नकाशापेक्षा मी त्या रेघेवर जास्त भरवसा ठेवतो.

असं झालं की तुमच्याकडे एक कोष्टक तयार होतं: पुलावर इतकं असेल तर आमच्या रपट्यावर पाणी, इतकं झालं तर पिंपळाच्या पाराला, इतकं झालं तर शाळेच्या दारात. प्रत्येक ओळीत एकच आकडा लिहू नका, 'इतक्यापासून इतक्यापर्यंत' असं लिहा. खाली दुसऱ्या नदीचा किंवा नाल्याचा फुगवटा असला तर त्याच पट्टीला पाणी जास्त चढतं. रेतीचा उपसा झाला की नदीचं पात्र बदलतं आणि मागच्या वर्षीचं नातं या वर्षी लागू पडत नाही. म्हणून दर पावसाळ्यानंतर कोष्टक तपासा. फ्लोरिडाच्या लोकांनी आपला अंदाज तीनदा मांडला, आपणही मांडू. मग रंगकाम: विजेच्या खांबावर, शाळेच्या भिंतीवर पिवळा, नारिंगी, लाल पट्टा. हवामान खात्याचे इशारेही याच रंगांत येतात, म्हणून कोणता रंग कशाचा हे ग्रामसभेत फोड करून सांगा. पावसाचा लाल वेगळा आणि पुराचा लाल वेगळा.

हे सगळं कधी करावं? मे महिन्यात मुळीच नाही. तेव्हा निम्मं गाव तेंदूपत्त्याला जंगलात असतं आणि मान्सूनपूर्व आढावा बैठकीत खात्यांची माणसं आपापले कागद सादर करून निघून जातात. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे आपली गावजत्रा, भरते, बाहेरगावी कामाला गेलेली पोरं आणि लेकी-जावई घरी आलेले असतात, नदी उतरलेली असते, पुराची आठवणही ताजी असते. तेव्हा खुणा करा. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत सहाही गावांनी अक्षरशः एकाच मजकुराचा ठराव घ्या. सहा गावांचे सहा निरनिराळे अर्ज टेबलावर पडून राहतात. एकाच भाषेतले सहा ठराव एका फायलीत गेले तर साहेबाला ती फाइल उघडून बघावी लागते.

समोरच्या काठाबद्दल तुम्ही लिहिलंत ते मला फार आवडलं. नदीच्या अलीकडे चंद्रपूर आणि पलीकडे गडचिरोली, म्हणजे दोन जिल्हाधिकारी, दोन पोलीस अधीक्षक, दोन नियंत्रण कक्ष. १९८२ पर्यंत हे दोन्ही काठ एकाच जिल्ह्यात होते. सोयरीक अजूनही नदी ओलांडून होते, पण पुराचा निरोप मात्र दोन जिल्हा मुख्यालयांना वळसा घालून येतो. दोन्ही जिल्हे नागपूर विभागात आहेत, तेव्हा विभागीय आयुक्तांच्या पातळीवर हा विषय एकदा ठेवून घ्या. पण त्याची वाट पाहत बसू नका. दोन्ही काठांच्या पोलीस पाटलांनी एकमेकांचे नंबर ठेवावेत आणि पाणी रपट्याला लागलं की एकमेकांना सांगावं. त्याला कोणाची परवानगी लागत नाही.

निरोपाचा एक नियमही सहा गावांत ठरवून टाका. आकडा सांगणाऱ्याने चार गोष्टी सांगायच्या: किती, कोणत्या मापात, किती वाजता, कुठून. ऐकणाऱ्याने त्या चारही परत म्हणून दाखवायच्या. ज्या निरोपात माप नाही, तो निरोप घ्यायचाच नाही, उलट फोन करून विचारायचं. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा नंबर प्रत्येक घरात भिंतीवर लिहिलेला असू द्या. तलाठी, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, आणि ग्रामसेवक हे दोघे बहुतेकदा तालुक्याला राहतात. रात्री दोनला गावात असतात ते कोतवाल, पोलीस पाटील, आशा ताई आणि तुम्ही. साखळी त्यांच्या नावांनी बांधा, पदांच्या नावांनी नको. प्रत्येक नावामागे आणखी एक नाव ठेवा, कारण फोन बंद असतो, माणूस लग्नाला गेलेला असतो. आणि प्रत्येक वेळी धरणातून पाणी सोडलं की ते किती तासांनी तुमच्या पहिल्या खुणेला लागलं, ते वहीत टिपा. नदी आधीच भरलेली असली तर वेळ वेगळा लागतो, कोरडी असली तर वेगळा. तीन पावसाळे टिपलंत की तुमच्या पात्राची चाल तुम्हाला कोणत्याही कार्यालयाइतकीच कळेल.

आता नाले आणि तलाव, कारण आपल्याकडे अर्धं नुकसान नदीच्या धारेने होतच नाही. वैनगंगा फुगली की नाल्याचं पाणी नदीत शिरत नाही, मागे दाबलं जातं. त्याच वेळी वरचे मालगुजारी तलाव, म्हणजे जुन्या मालगुजारांच्या काळचे गावतलाव, भरून त्यांचं सलंगेवरचं (सांडव्यावरचं) पाणी त्याच नाल्यात उतरत असतं. खालून नदीचा दाब आणि वरून तलावाचं पाणी, मधे तुमच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली धानाची शेतं. रोवणी, म्हणजे धानाची लावणी, नुकतीच झालेली असते. चार-पाच दिवस पाणी साचून राहिलं की धान सडतं आणि दुबार रोवणीला परे (रोपं) उरलेले नसतात.

उपाय सरळ वाटतो: मोठा पाऊस येतोय असं कळलं की तलावाचं तुडूम, म्हणजे पाणी सोडायचं दार, आधीच उघडून दोन-तीन हात जागा करून ठेवायची. पण तलावावर कितीजणांचा जीव आहे ते पाहा. शंभर हेक्टरपर्यंत सिंचनाचे तलाव जिल्हा परिषदेकडे, त्याहून मोठे राज्य सरकारच्या खात्यांकडे. शेपटाकडच्या, म्हणजे पाण्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याला ऑक्टोबरचं शेवटचं पाणी तलावातूनच मिळतं. ऑगस्टात तलाव रिकामा केला आणि पुढे पावसाने दगा दिला तर त्याचं धान लोंबी भरताना वाळतं. आणि तलावातली मासोळी ढिवर समाजाच्या मच्छीमार संस्थेची. बीज सोडलेलं असतं, त्यावर वर्षभराचा संसार. मासे वाहून जाऊ नयेत म्हणून ते सलंगेवर जाळी लावतात. जाळीत पळसाची पानं, बेशरमाच्या काड्या अडकतात, पाणी तुंबतं आणि पाळीवर चढतं. मग खालचे शेतकरी रात्री जाऊन जाळी कापतात, आणि सकाळी दोन समाजांत मारामारीची वेळ येते.

हे मी दोनदा पाहिलं आणि दोन्ही वेळा भांडण मिटलं ते मापाने. एका गावात आम्ही तलावाच्या पाळीवर दगडी पट्टी रोवली आणि तिच्यावर दोन रेघा ओढल्या. खालची रेघ शेपटाच्या शेतकऱ्याने ठरवली: याच्याखाली पाणी जाऊ द्यायचं नाही. वरची रेघ नाल्याकाठच्या बांधीवाल्यांनी ठरवली: ऑगस्टात पाणी याच्यावर चढू द्यायचं नाही. दोन रेघांमधली जागा पावसाची. जाळीचं असं ठरलं की मोठ्या भोकांची लोखंडी जाळी लावायची, आणि अतिवृष्टीच्या रात्री संस्थेची दोन माणसं सलंगेवर पहारा करून पानं काढतील. त्यांच्या मजुरीचे पैसे नाल्याकाठचे शेतकरी देतील. पहिल्या वर्षी पैसे द्यायला तीनजणांनी कुरकुर केली. दुसऱ्या वर्षी ते स्वतः कंदील घेऊन सलंगेवर बसले होते. मजकूर कागदावर होता तो जेमतेम अर्धा पान, त्याच्याखाली अठ्ठावीस सह्या आणि अंगठे.

मला वाटतं, सरकारी भाषेत ज्याला आंतरविभागीय समन्वय म्हणतात तो याहून वेगळा काही नसतो. प्रत्येकाने आपली भीती सांगायची, ती भीती पट्टीवर कुठे बसते ते दाखवायचं, आणि मग मधली जागा शोधायची. पट्टी नसेल तर भीती तोंडीच राहते, आणि तोंडी भीतीचं भांडण व्हायला वेळ लागत नाही.

खात्यांना बोलवाल तेव्हाही हेच करा. 'पूर नियोजनात सहकार्य करावे' असं पत्र लिहिलंत तर उत्तर येईल 'नोंद घेण्यात आली आहे'. त्याऐवजी २०२० ची रेघ दाखवा आणि प्रत्येक खात्याला एकच प्रश्न विचारा: या रेघेच्या मानाने तुमची वस्तू वर आहे की खाली? महावितरणला विचारा, रोहित्राची डीपी वर की खाली? नळयोजनेवाल्यांना विचारा, जॅकवेलवरचा, म्हणजे नदीतून पाणी उचलायच्या विहिरीवरचा, स्टार्टर आणि पॅनेल वर की खाली? पूर ओसरल्यावर पाच-पाच दिवस गावाला प्यायला पाणी नसतं ते बहुतेकदा त्या एका पेटीमुळे. आरोग्यवाल्यांना विचारा, उपकेंद्रातला लशींचा फ्रीज कुठे आहे? बांधकामवाल्यांना विचारा, रपट्यावरून रुग्णवाहिका पट्टीवरच्या कोणत्या आकड्यापर्यंत जाऊ शकते आणि त्यानंतर बाळंतिणीला कोणत्या वाटेने न्यायचं? पशुसंवर्धनवाल्यांसोबत जाऊन जनावरं हलवायची उंच जागा ठरवा. जनावरं सोडून माणूस घर सोडत नाही, हे बाहेरून आलेल्या बचाव पथकाला ठाऊक नसतं. तुम्हाला ठाऊक आहे. 'वर की खाली' या प्रश्नाला कोणीही 'हे आमच्याकडे येत नाही' असं उत्तर देऊ शकत नाही.

पुढच्या तीस वर्षांचाही विचार याच रेघेवरून करायचा. आपल्या राज्यात नदीकाठी निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखतात. ढोबळमानाने निळी म्हणजे पंचवीस वर्षांत एकदा येऊ शकेल अशा पुराची आणि लाल म्हणजे शंभर वर्षांत एकदा येऊ शकेल अशा पुराची. निळीच्या आत बांधकाम करायचं नाही, दोघींच्या मधे अटी घालून करायचं. तुमच्या नदीभागात त्या आखल्या असतील तर नकाशाची प्रत जलसंपदाकडून मागून घ्या आणि ढोलीवरच्या रेघेशी ताडून बघा. घरकुलाला जागा देताना हे फार महत्त्वाचं आहे. गावठाणात जागा उरत नाही, सरकारी जमीन मिळते ती नदीकडची सखल, आणि सगळ्यांत गरीब कुटुंब तिथे पक्कं घर बांधून बसतं. एकदा घर उभं राहिलं की पन्नास वर्षं ते हलत नाही. ग्रामसभेत अशा जागेचा ठराव आला तर तुम्ही अध्यक्ष म्हणून त्यावर पुराची उंची लिहायला लावा. लिहिलेलं पुढच्या सरपंचालाही वाचता येतं.

नदीचं वागणंही बदलत जातं, हेही ध्यानात ठेवा. धरण झालं की वरच्या अंगाला फुगवटा कायमचा होतो, हे गोसीखुर्दच्या वरच्या भंडारेकरांना विचारा. खाली सिरोंच्याला, प्राणहिता आणि गोदावरीच्या संगमाखाली २०१९ मध्ये तेलंगणाचं ८५ दरवाजांचं मेडीगड्डा धरण उभं राहिलं, तेव्हापासून काठच्या शेतकऱ्यांची फुगवट्याची तक्रार सुरू झाली. तिथे दोन राज्यांचा करार आधीच, २०१६ मध्ये झालेला होता आणि त्यात पाणीसाठ्याची पातळी १०० मीटर ठरलेली होती. कागदावरची ती पातळी माझ्या बांधीत कुठे येते, हे शेतकऱ्याला त्याच्या धुऱ्यावर खुणेने दाखवलं गेलं पाहिजे. खात्याने केलं नाही तर गावाने करून घ्यावं.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम २००५ प्रमाणे जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी आणि सहअध्यक्ष जिल्हा परिषदेचे अध्यक्ष असतात. म्हणजे निवडून आलेल्या माणसाला तिथे खुर्ची आहे. तुमच्या सहा ठरावांच्या प्रती दोन्ही जिल्ह्यांत दोघांनाही द्या आणि तुमचं कोष्टक जिल्हा आराखड्याला जोडून घ्या अशी लेखी मागणी करा. पैशांचं म्हणाल तर रंग आणि पट्टी ग्रामपंचायतीच्या सामान्य निधीतून होतात, नाला साफ करायला रोजगार हमी आहे. मोठी कामं, जसं रपट्याचा पूल करणं, पहिल्या वर्षी मागू नका. तीन पावसाळ्यांची वही हातात घेऊन मागा: इतक्या वेळा रपटा बुडाला, इतके तास गाव तुटलं, इतक्या बाळंतिणींना डोंग्यातून नेलं. जिल्हा नियोजन समितीत ती वही बोलेल.

यंदाची मंडई झाली की मला कळवा. लेव्हल मी घेऊन येतो, तिचा तिपाई स्टँडही माझ्याकडे आहे. तुम्ही फक्त पुलाजवळच्या खुणेचा आर. एल. शाखा अभियंत्याकडून लेखी मागून ठेवा, आणि २०२० चं पाणी घरात पाहिलेल्या दहा-बारा म्हाताऱ्या बाया-माणसांची नावं काढा, दोन्ही काठांवरची. स्टाफ धरायला दोन पोरं लागतील. एक तुमच्या गावचं असू द्या आणि एक पलीकडचं.